ब्रेक दाबला की चाकातनं खरखर येतेय? घाट उतरायच्या आधी हे वाचा. कोणता आवाज साधा, कोणता धोक्याचा

सातारा : पाऊस उघडला आणि ऊसतोड सुरू झाली, की तालुक्याच्या गॅरेजवर एक तक्रार हमखास ऐकू येते. "ब्रेक मारला की चाकातनं खर्र खर्र वाजतंय, पण गाडी थांबतीय नीट." या वाक्यातला दुसरा भागच घात करतो. गाडी थांबतेय ना, मग बघू पुढच्या आठवड्यात, असं म्हणून आवाजाकडं दुर्लक्ष होतं. काचा वर घेतल्या जातात, टेपचा आवाज थोडा वाढवला जातो.

गाव ते बाजारपेठ अशा सपाट रस्त्यावर असे चार आठवडे निघूनही जातात. पण तीच गाडी पाच माणसं घेऊन पाचगणीहून पसरणी घाटानं वाईला उतरते, किंवा कोयनेकडून कुंभार्ली घाटानं चिपळूणला जाते, तेव्हा ब्रेकची खरी परीक्षा होते. त्यामुळं ब्रेकचा आवाज म्हणजे नेमकं काय, कोणता आवाज साधा, कोणता धोक्याचा आणि गॅरेजला गेल्यावर काय बघायचं, हे प्रत्येक गाडीवाल्याला माहीत असायला हवं.

आधी ब्रेकचं काम समजून घ्या

आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना आणि जीपगाड्यांना पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतो. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पॅड असतं. पाय दाबला की ब्रेक ऑईलच्या दाबानं कॅलिपर हे पॅड डिस्कवर आवळतो आणि चाक थांबतं. मागच्या ड्रममध्ये अर्धगोल लायनर असतात. ते आतून बाहेर पसरतात आणि ड्रमला घासतात.

म्हणजे ब्रेक हे मुळातच घासण्याचं काम आहे. पॅड आणि लायनर झिजण्यासाठीच बनवलेले असतात, डिस्क आणि ड्रम टिकण्यासाठी. नव्या पॅडवर घासणारा थर साधारण १० मिलिमीटर असतो. तो ३ मिलिमीटरवर आला की पॅड बदलायची वेळ झाली समजायचं. थर पूर्ण संपला की पॅडची मागची लोखंडी पाटी थेट डिस्कला लागते. मग लोखंडावर लोखंड घासतं आणि तोच तो खरखरीचा आवाज.

या घासण्यातून किती उष्णता तयार होते याचा अंदाज पसरणी घाटावरूनच घेता येतो. पाचगणी ते वाई उंचीचा फरक साधारण साडेपाचशे मीटरच्या पुढं आहे. माणसांसह तेराशे किलोची गाडी एवढी खाली उतरते, तेव्हा जी ऊर्जा मुरवावी लागते ती जवळपास दोन युनिट विजेइतकी होते. एवढ्यात वीस-बावीस लिटर पाणी उकळेल. त्यातला काही वाटा इंजिन आणि हवेचा रोध घेतो. पण चालकानं सगळा उतार ब्रेकवरच काढला, तर बाकीची सगळी उष्णता त्या चार चाकांतल्या पॅड-लायनरच्या अंगावर येते. झिजलेला ब्रेक घाटात का दगा देतो, याचं उत्तर इथंच आहे.

कोणता आवाज काय सांगतो?

सगळेच आवाज वाईट नसतात. आवाज कधी येतो, कुठल्या चाकातनं येतो आणि ब्रेक दाबल्यावर वाढतो की कमी होतो, या तीन गोष्टींवरून निम्मं निदान होतं.

१. सकाळी पहिल्यांदा ब्रेक मारताना खरखर, नंतर बंद : गाडी रात्रभर पावसात उभी असेल, काल धुतली असेल किंवा आठ दिवस जागेवरच असेल, तर डिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो. पहिल्या चार-पाच ब्रेकमध्ये तो घासून निघतो आणि आवाज जातो. हे नेहमीचं आहे, काळजीचं कारण नाही. मात्र एक-दोन किलोमीटर गेल्यावरही आवाज राहिला तर कारण दुसरं आहे.

२. बारीक, टोचणारी चिरचिर : अनेक पॅडना एक छोटी पत्र्याची पट्टी बसवलेली असते. पॅड ठरावीक मापापर्यंत झिजलं की ती डिस्कला टेकते आणि चिरचिरते. हा कंपनीनंच दिलेला इशारा आहे : थर संपत आलाय, पॅड बदला. इथं एक फसगत होते. कधी कधी ती पट्टीच झिजते किंवा मोडते, चिरचिर थांबते आणि मालकाला वाटतं आवाज आपोआप गेला. पुढचा आवाज येतो तो थेट खरखरीचा. धूळ बसल्यानं किंवा पॅड तापून वरून गुळगुळीत, काचेसारखं झाल्यानंही चिरचिर होते. तरीही पॅड एकदा उघडून बघितल्याशिवाय "धुळीचा असंल" असं ठरवू नये.

३. ब्रेक दाबल्यावर जाड खरखर, पायाला थरथर : हा सगळ्यात गंभीर आवाज. बहुतेक वेळा पॅड पूर्ण संपलेलं असतं आणि पाटी डिस्कला ओरबाडत असते. गाडी थांबते, पण जास्त अंतर घेते. या अवस्थेत घाट तर सोडाच, लांबचा प्रवासही करू नये. थर जाऊन पाटीही झिजू लागली, तर कॅलिपरचा पिस्टन प्रमाणाबाहेर पुढं येतो, त्याच्या सिलातून ब्रेक ऑईल गळू शकतं आणि मग ब्रेकच जातो.

४. ब्रेक न दाबताही घासल्याचा किंवा किणकिणीचा आवाज : खडीच्या, मुरमाच्या रस्त्यावरून किंवा नव्या डांबरीकरणाच्या कामावरून आल्यावर हा आवाज सुरू झाला असेल, तर बहुधा खडा अडकलाय. डिस्कच्या मागं पत्र्याचं एक कव्हर असतं. त्याच्या आणि डिस्कच्या फटीत हरभऱ्याएवढा खडा बसला तरी सगळं चाक फुटल्यासारखा आवाज येतो. तो पत्रा दगड लागून आत वाकला असेल, तरी असंच वाजतं. आवाज भयंकर असला तरी दुरुस्ती सोपी असते.

५. वेगाबरोबर वाढणारी घूंऽऽ अशी घरघर : ब्रेक दाबा, सोडा, आवाजात फरक पडत नाही, वेग वाढला की वाढतो. अशा वेळी संशय ब्रेकवर नाही, चाकाच्या बेअरिंगवर घ्यावा. मोकळ्या रस्त्यावर गाडी उजवीकडं हलकी वळवल्यावर भार डाव्या चाकावर जातो. तेव्हा घरघर वाढली तर डावं बेअरिंग, आणि डावीकडं वळवल्यावर वाढली तर उजवं बेअरिंग तपासायला सांगावं. पॅड बदलून हा आवाज जात नाही, फुकट खर्च होतो.

६. मागच्या चाकातनं खरवडल्यासारखा आवाज : मागं ड्रम असेल तर लायनर संपलेत, किंवा ड्रममध्ये चिखल आणि झिजेची पूड साठलीय, किंवा आतली स्प्रिंग निसटलीय. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांनी रस्त्यावर आणलेला चिखल आणि पावसाळ्यात पाणंदीतला राडा ड्रममध्ये शिरतो आणि तिथंच वाळतो.

७. जोरात ब्रेक मारल्यावर पायाखाली घर्रर्र आणि पॅडल धडधडणं : गाडीला एबीएस असेल आणि रस्ता निसरडा किंवा खडीचा असेल, तर हे बिघाडाचं लक्षण नाही. चाक जाम होऊ नये म्हणून ही यंत्रणा ब्रेकचा दाब सेकंदात अनेक वेळा सोडते आणि लावते. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या बहुतेक नव्या मोटारींत एबीएस असतं. असा आवाज आला की घाबरून पाय उचलू नये. पॅडल घट्ट दाबून धरावं आणि स्टेअरिंग सांभाळावं. मात्र साध्या, सावकाश ब्रेकलाही पॅडल धडधडत असेल तर डिस्क वाकडी झाली असण्याची शक्यता आहे.

घरच्या घरी तपासणी कशी करावी?

गॅरेजला जायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं दिली, तर मिस्त्रीला नेमकं सांगता येतं आणि नको ते काम टळतं.

पहिलं, ऐकणं. मोकळ्या, सपाट रस्त्यावर ताशी १५-२० किमी वेगानं, काचा खाली करून, एखाद्या कंपाऊंडच्या भिंतीजवळून गाडी न्यावी. चाकाचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि स्पष्ट ऐकू येतो. आधी ब्रेक न दाबता, मग हलका दाबून ऐकावं. येताना दुसरी बाजू भिंतीकडं येते, त्यामुळं डावं की उजवं हेही कळतं. पुढचं की मागचं हे ठरवायचं असेल, तर अगदी चालण्याच्या वेगात, मागंपुढं कुणी नसताना, हँडब्रेक हळूच ओढून बघावा. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांवरच काम करतो. तो ओढल्यावर खरखर आली तर दोष मागं आहे.

दुसरं, ब्रेक ऑईल. बॉनेट उघडल्यावर चालकाच्या बाजूला मागं एक पांढरट डबी असते. तिच्यावर वर-खाली दोन खुणा असतात. ऑईल या दोन खुणांच्या मध्ये पाहिजे. पॅड झिजत जातात तसं डबीतलं ऑईल हळूहळू खाली जातं. त्यामुळं पातळी उतरली म्हणजे एक तर पॅड झिजलेत, नाही तर कुठंतरी गळती आहे. नुसतं ऑईल वर करून डबी बंद केली, तर इशाराच पुसला जातो. हँडब्रेक पूर्ण सोडूनही मीटरवर ब्रेकचा लाल दिवा जात नसेल, तर गाडी पुढं न नेता आधी ऑईल बघावं.

तिसरं, उष्णता. दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवून आल्यावर हाताची मागची बाजू प्रत्येक चाकाजवळ न्यावी. हात चाकाला लावायचा नाही, चटका बसतो. पुढच्या दोन चाकांत एक चाक दुसऱ्यापेक्षा खूपच तापलं असेल, जळका वास येत असेल किंवा गाडी एका बाजूला ओढत असेल, तर त्या चाकाचा कॅलिपर अडकलाय. पाय काढला तरी पॅड मागं सरकत नाही आणि घासतच राहतं. त्यात पॅडबरोबर डिझेल-पेट्रोलही जळतं.

चौथं, डोळ्यांनी बघणं. अलॉय चाक असेल तर फटीतून बॅटरीच्या उजेडात बाहेरचं पॅड आणि डिस्क दिसते. पण एवढ्यावर विसंबू नये. आतलं पॅड बाहेरून दिसत नाही आणि अनेकदा तेच आधी संपतं. लोखंडी चाक असेल तर ते काढूनच बघावं लागतं.

चाक काढताना गाडी सपाट, टणक जागेवर घ्यावी. हँडब्रेक लावावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि बाकीच्या चाकांना दगड लावावेत. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत, मग जॅक लावावा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोकं घालू नये. जॅक सरकला तर वेळ मिळत नाही. चाक काढल्यावर दोन्ही पॅडची जाडी बघावी. एक पॅड जाड आणि एक पातळ असेल तर कॅलिपरच्या सरकत्या पिना जाम आहेत. गार झालेल्या डिस्कवर आतून बाहेर नख फिरवावं. खाचेत नख अडकलं तर डिस्क ओरबाडलीय. चाक काढायच्या आधीच ते वर-खाली धरून हलवून बघितलं आणि खडखड लागली, तर बेअरिंगचा खेळ वाढल्याची खूण समजावी.

खडा अडकला असेल तर

हे काम बऱ्याचदा फुकटात होतं. मोकळ्या जागेत गाडी हळू पुढं-मागं घ्यावी, रिव्हर्समध्ये दोन-तीनदा हलका ब्रेक मारावा. उलट्या फेऱ्यात खडा अनेकदा निसटून पडतो. नाही पडला तर चाक काढून, डिस्क हातानं फिरवत, पत्रा बोटभर मागं वाकवून खडा काढता येतो. पत्रा आत वाकला असेल तर तो हातानंच हळू सरळ करावा. पत्रा काढून फेकून देण्याचा शॉर्टकट मात्र मारू नये. तो नसला तर चिखल-पाणी थेट डिस्कवर येतं.

गॅरेजमध्ये काय करून घ्यावं?

पॅड संपले असतील तर दोन्ही पुढच्या चाकांचे एकदमच बदलावेत. एकाच चाकाला नवे पॅड घातले तर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते. लहान गाडीच्या पुढच्या पॅडचा सेट साधारण हजार-दोन हजार रुपयांच्या घरात मिळतो. मॉडेल आणि कंपनीनुसार फरक पडतो. हेच काम दोन महिने पुढं ढकललं आणि डिस्क खराब झाली, तर डिस्कची जोडी आणि जास्तीची मजुरी धरून खर्च दुप्पट-तिपटीवर जातो.

डिस्कवर खोल खाचा असतील तर लेथवर घासून ती सपाट करता येते, पण मर्यादेत. डिस्कची किमान जाडी मिलिमीटरमध्ये डिस्कवरच कोरलेली असते. ड्रमवर आतल्या बाजूचा कमाल व्यास कोरलेला असतो. लेथ मारल्यावर माप त्यापलीकडं जाणार असेल तर नवीनच घालावी. पातळ डिस्क लवकर तापते, वाकते आणि तडकूही शकते. "अजून एक लेथ बसंल" असं कुणी म्हटलं, तर माप घेऊन दाखवायला सांगावं.

नुसते पॅड बदलून काम संपत नाही. सरकत्या पिना काढून साफ करणं आणि त्यांना ब्रेकसाठीचं उष्णता सहन करणारं ग्रीस लावणं गरजेचं आहे. साधं चेसिस ग्रीस तापून वितळतं आणि पॅडवर येऊ शकतं. पिना जामच ठेवून नवे पॅड घातले, तर ते काही महिन्यांत पुन्हा एका बाजूनं संपतात आणि दोष पॅडच्या कंपनीला जातो.

काम चालू असताना मालकानं उभं राहून या गोष्टी बघाव्यात :

- जुने पॅड हातात मागून बघावेत. "दादा, जुने पॅड दाखवा" एवढं म्हणायला लाजू नये. चारही पॅड सारखे झिजलेत का, हे त्यावरून कळतं.
- कॅलिपर खोलल्यावर तो रबरी पाईपवर लोंबकळत ठेवू नये. तारेनं वर बांधावा, नाही तर पाईप आतून खराब होतो.
- पिस्टन मागं ढकलताना डबीतलं ऑईल वर येऊन सांडू शकतं. ब्रेक ऑईल रंग खातं. सांडलं तर लगेच पाण्यानं धुवावं.
- ब्रेकची पूड तोंडानं फुंकू नये, हवेच्या पाईपनं उडवू नये. काही जुन्या आणि हलक्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. ओल्या फडक्यानं किंवा ब्रेक क्लीनरनं पुसावं.
- चाकाचे नट एकाआड एक, समोरासमोरचे आवळावेत आणि शेवटचा आवळा गाडी जमिनीवर टेकल्यावर द्यावा.
- बिल घ्यावं आणि पार्टची खोकी बघावीत. पार्टवर कंपनीचं नाव, छापील किंमत आणि पार्ट नंबर असायला हवा. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करता येते. तेव्हा हेच बिल कामी येतं.

सगळ्यात घातक 'घरगुती इलाज'

आवाज जावा म्हणून डिस्कवर किंवा पॅडवर ऑईल, डिझेल किंवा गंज काढायचा स्प्रे मारणारे महाभाग अजूनही सापडतात. आवाज खरंच जातो, पण त्याच्याबरोबर ब्रेकही जातो. पॅडला तेल एकदा मुरलं की ते धुऊन निघत नाही, पॅड फेकावेच लागतात. ड्रममध्ये तेल गेलं तर लायनरचीही तीच गत. चाकाच्या आतल्या बाजूला ओलसर तेलकट डाग दिसला, तर ते गळणारं ब्रेक ऑईल किंवा ग्रीस असू शकतं. ते पुसून गाडी चालवणं हा इलाज नाही, गळती बंद करणं हाच इलाज आहे.

दुसरी चूक घाट उतरल्याउतरल्या गाडी धुण्याची. तापलेल्या डिस्कवर गार पाणी मारलं तर ती वाकू किंवा तडकू शकते. गाडी अर्धा-पाऊण तास गार होऊ द्यावी.

नवे पॅड बसवल्यावर लगेच सुसाट नको

पॅड बदलल्यावर पहिला ब्रेक बऱ्याचदा रिकामा जातो, पॅडल थेट खाली जातं. पिस्टन मागं ढकललेला असतो म्हणून असं होतं. त्यामुळं गाडी गॅरेजमधून हलवायच्या आधी जागेवरच पॅडल अनेकदा दाबून ते कडक करून घ्यावं. त्यानंतर पहिले दोन-तीनशे किलोमीटर सांभाळून चालवावं, शक्य तिथं हलके आणि लांबून ब्रेक मारावेत. पॅड आणि डिस्क एकमेकांवर बसायला एवढा वेळ लागतो. या काळात हलकी घसघस ऐकू आली तर काळजी नको. पण जाड खरखर किंवा गाडी ओढणं चालणार नाही. तसं झालं तर त्याच दिवशी परत दाखवावं. सकाळी पॅड बदलले आणि दुपारी सगळं घर घेऊन महाबळेश्वरला निघालो, असं करू नये.

घाटात ब्रेक वाचवायचा कसा?

जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही खरा आहे : ज्या गिअरमध्ये घाट चढला, त्याच गिअरमध्ये उतरायचा. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागं ओढून धरतं, ब्रेकवरचा भार हलका होतो. पाय सतत पॅडलवर टेकवून ठेवू नये. वळणाआधी ठाम ब्रेक मारावा, वेग कमी करावा आणि पाय पूर्ण उचलावा, म्हणजे डिस्कला गार व्हायला वेळ मिळतो.

पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून उतार उतरणं हा जिवाशी खेळ आहे. इंजिन बंद झालं की ब्रेकला मदत करणारा बूस्टर दोन-तीन दाबांनंतर साथ सोडतो, पॅडल दगडासारखं होतं आणि पॉवर स्टेअरिंगही जड होतं.

ब्रेक ऑईल जुनं असेल तर घाटात आणखी एक धोका असतो. हे ऑईल हवेतला ओलावा शोषतं. नव्या डॉट ३ ऑईलचा उकळबिंदू किमान २०५ अंश आणि डॉट ४ चा किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओलावा मुरल्यावर हेच प्रमाण १४० आणि १५५ अंशांपर्यंत उतरू शकतं. ऑईल उकळलं की पाईपमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात आणि पॅडल मऊ पडून खाली जातं. म्हणून ब्रेक ऑईल साधारण दोन वर्षांनी पूर्ण बदलावं आणि झाकणावर लिहिलेल्या प्रकाराचंच टाकावं.

वाटेतच खरखर सुरू झाली तर?

सपाट रस्ता असेल तर वेग कमी करून, पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवून जवळच्या गॅरेजपर्यंत जावं. घाटमाथ्यावर असाल तर खाली उतरायची घाई नको. आधी सुरक्षित जागी थांबून बघावं. ब्रेक ऑईल कमी असेल, पॅडल खाली जात असेल किंवा चाकातून धूर येत असेल, तर गाडी तिथंच ठेवून मिस्त्रीला वर बोलवावं किंवा टोचन करणारी क्रेन घ्यावी. दोरीनं बांधून बिनब्रेकची गाडी घाटातून ओढत आणू नये. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे.

उतारावर ब्रेक लागतच नसेल, तर पॅडल भराभर दाबत राहावं, एकेक गिअर खाली आणावा आणि हँडब्रेक बटण दाबून धरून हळूहळू ओढावा. झटक्यात ओढला तर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरते. इंजिन बंद करू नये. हॉर्न आणि चारही इंडिकेटर चालू ठेवून गाडी दरीच्या नाही, डोंगराच्या बाजूला घ्यावी.

दुरुस्तीपेक्षा सवय स्वस्त

दर दहा हजार किलोमीटरला किंवा सर्व्हिसिंगला चाकं काढून पॅड बघायला सांगावेत. नुसता "ब्रेक बघा" असा निरोप न देता "पॅड किती मिलिमीटर राहिलेत ते सांगा" असं विचारावं. चिखलातून आल्यावर चाकांच्या आतल्या बाजूला, गाडी गार झाल्यावर, पाणी मारावं. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, विशेषतः पावसाळ्यात, तर सपाट जागेवर गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत आणि हँडब्रेक सोडून द्यावा. नाही तर लायनर ड्रमला चिकटतात. लग्नसराईत आणि जत्रेत पाच सीटच्या गाडीत आठ जण बसतात, मागं पोती टाकली जातात, त्याचा हिशेबही ब्रेकलाच चुकता करावा लागतो. बाईकच्या डिस्क ब्रेकलाही हेच सगळं लागू आहे. तिथं पॅड लहान असतं, म्हणून संपतंही लवकर.

थोडक्यात लक्षात ठेवा

- सकाळची खरखर दोन किलोमीटरमध्ये गेली तर गंज. नाही गेली तर गॅरेज.
- चिरचिर म्हणजे पॅड तपासा. जाड खरखर म्हणजे गाडी उभी करा, आज दाखवा.
- चिरचिर आपोआप थांबली म्हणजे दोष गेला असं नाही.
- ब्रेक न दाबता आवाज : खडा, वाकलेला पत्रा, अडकलेला कॅलिपर किंवा बेअरिंग.
- पॅड दोन्ही चाकांचे एकदम. पिना साफ करूनच.
- पॅड-डिस्कवर तेल नाही, तापलेल्या डिस्कवर पाणी नाही, उतारावर न्यूट्रल नाही.

गाडीत बिघाड झाला की इंजिन बंद पडतं, एसी गार करत नाही, दिवा लागत नाही. त्यानं प्रवास थांबतो, एवढंच. ब्रेकचं तसं नाही. तो आधी आवाज देऊन सांगतो, आणि हजार-दोन हजारात ऐकून घ्यायची वेळ तेवढीच असते.